पिठावरचा पंजा

कुळगावात विठाचा डावा हात तिच्या तोंडाहून जास्त ओळखीचा होता. मधलं बोट अर्धंच. नवरा हयात होता तेव्हा भात कापताना ते विळ्याखाली गेलं, तेव्हापासून तिचा पंजा साडेचार बोटांचा. त्या पंजाचा तिने एक उपयोग शोधून काढला होता. घराबाहेर पडण्याआधी ती पिठाचा डबा उघडायची, पीठ तळहाताने सपाट करायची, त्यावर पंजा उमटवायची आणि झाकण लावायची. कुणी चिमूटभर पीठ काढलं तरी ठसा मोडणार, आणि मोडलेला ठसा पुन्हा उमटवायला अख्ख्या गावात दुसऱ्या कुणाकडे असलं अर्धं बोट नव्हतं. घरात ती एकटीच राहत होती, तरी ठसा चुकत नव्हता. सवय होती आणि त्याहून जास्त मत होतं.

मत असं की जगात दोनच प्रकारची माणसं. राबून खाणारी आणि चोरून खाणारी. राबून खाणारी वाळून काटकी होतात, तिच्यासारखी. चोरून खाणारी फुगतात. जाड माणूस दिसला की विठाला त्याचं नाव, गाव, दुखणं काही विचारावंसं वाटत नसे. त्याच्या अंगावरच त्याची चोरी लिहिलेली आहे, असं ती समजायची. लिहिता-वाचता येत नसलेल्या विठाला वाचता येणारी तेवढी एकच लिपी होती, आणि ती आपण कधी चुकीची वाचत असू, हे तिच्या मनाला शिवलं नव्हतं.

ती अंबरनाथला विष्णुपंतांकडे स्वयंपाकाला होती. विष्णुपंत कारखान्यात मोठे साहेब. कुळगावाला लागूनच असलेल्या बदलापूरहून गाडीने एक स्टेशन, तिथून पाऊण मैल चालत त्यांचा बंगला. घरात मासळी चालायची, देवधर्मही चालायचा, आणि सर्वांत जास्त विष्णुपंतांचं तोंड चालायचं. जेवताना ते डोळे मिटून घ्यायचे. पाटावरून उठायला त्यांना भिंतीचा आधार लागायचा, आणि व्हरांड्याच्या चार पायऱ्या चढून आले की ते पाचव्या पायरीची वाट बघत असल्यासारखे धापा टाकत उभे राहायचे. विठा आतून बघायची आणि पोळी लाटायची. तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. चेहऱ्यावर उमटवण्याएवढीही त्यांची किंमत नाही, असं तिचं मत.

एकोणीसशे त्रेपन्नच्या पौषात विष्णुपंतांचे गुडघे सुजले आणि त्यांच्या पत्नी पद्मजाबाईंनी उल्हासनगरहून डॉक्टर बोलावला. डॉक्टर केवलरामाणी सिंधमधून आलेले. पाच वर्षांपूर्वी फाळणीत सगळं सोडून आले, लष्कराच्या जुन्या बराकीत दवाखाना थाटला आणि कष्टाने नाव मिळवलं. लठ्ठपणावर त्यांनी एक कागद छापून घेतला होता. व्यापारी येवो की मास्तर येवो, म्हातारी येवो की नवी नवरी येवो, जाड असलं की तोच कागद. आठवड्यात तीन दिवस धान्य बंद, भात नाही, चपाती नाही, डाळ नाही. बाकीचे चार दिवस निम्मं जेवण. खाली त्यांच्या सहीचा शिक्का.

पद्मजाबाईंनी तो कागद मोठ्याने वाचला. विठाने एकदा ऐकला आणि तो तिला पाठ झाला.

"तीन दिवस धान्य नाही," विष्णुपंत कण्हले. "मी जगेन का?"

"इश्श, त्यात काय," पद्मजाबाई म्हणाल्या. "सोमवार, गुरुवार, शनिवार धरू. उपासच की ते. देवाचंही होईल आणि डॉक्टरचंही. विठाबाई, साबुदाणा किती आहे घरात?"

विठाने पद्मजाबाईंकडे बघितलं. मग साबुदाण्याच्या डब्याकडे बघितलं. तिला त्या क्षणीच सगळं कळलं होतं. पण स्वयंपाकिणीला कुणी विचारत नाही, आणि न विचारता सांगणं ही शहाणपणाची उधळपट्टी आहे, असं ती मानायची. तिने साबुदाणा भिजत घातला.

त्या दिवसापासून विष्णुपंतांच्या घरी सोमवार उजाडायची वाट पाहिली जाऊ लागली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याच्या कुटात लोळणारी, वरून तूप. दुपारी वऱ्याचा भात, दाण्याची आमटी आणि बटाट्याची भाजी. तीन वाजता रताळ्याच्या साखरेत घोळलेल्या चकत्या. संध्याकाळी शिकरण, आणि मध्येच जीव कासावीस झाला तर दाण्याचा लाडू. उपासाच्या हिशेबाने यातलं एकही धान्य नव्हतं. मंगळवारी निम्मं जेवून विष्णुपंत हिरमुसलेले असायचे आणि बुधवारी विचारायचे, "उद्या गुरुवार ना?" विठा तूप वाढायची आणि मनात म्हणायची, खा. देव आणि डॉक्टर दोघांच्या नाकावर टिच्चून खा.

दीड महिन्यानंतर डॉक्टर वजनकाटा घेऊन आले. विष्णुपंत चार पौंडांनी वाढले होते.

"साईं, कागज बराबर पाळता ना?"

"अक्षरशः," विष्णुपंत म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

डॉक्टरांनी डोकं खाजवलं आणि धान्य बंदचा आणखी एक दिवस वाढवला. आत मोरीशी उभी राहून विठा पदराने तोंड दाबून हसली. एवढा शिकलेला माणूस, आणि ताटात काय पडतं ते विचारायचं त्याला सुचत नव्हतं.

त्याच माघाच्या शेवटी तिच्या स्वतःच्या दारात बैलगाडी थांबली. गाडीतून तिची धाकटी बहीण अंजनी उतरली, म्हणजे उतरवली गेली. मागून तिच्या नवऱ्याने, बाळाजीने, एक गाठोडं खाली ठेवलं. बाळाजीची शेती एरंजाडला.

"आका, ही तुमची भन," बाळाजी म्हणाला. "दोन वरसं बघतोय. खाते आन झोपते. झोपते आन खाते. मळणीच्या दिवसात खळ्यावर पेंढ्याला टेकून घोरत होती. मना बायको पायजे, म्हैस नको."

विठाने बहिणीकडे पाहिलं. अंजनी चार वर्षांपूर्वी लग्न होऊन गेली तेव्हा शेवग्याच्या शेंगेसारखी होती. आता तिचा चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा सुजट, डोळ्यांखाली पिशव्या, भुवया शेवटाकडे विरळ झालेल्या. ती काही बोलत नव्हती. विठाला वाटलं, शरमेने. शरम वाटायलाच हवी होती.

"सडपातळ करून पाठवते," विठा बाळाजीला म्हणाली. "लावणीच्या आधी ने."

"तशी झाली तं नेईन," बाळाजी म्हणाला. "नाय तं तुमची तुमाला."

गाडी वळली. अंजनीचा संसार अशा रीतीने चार महिन्यांच्या बोलीवर लटकला, आणि ती बोली विठाने केली होती.

"काय खात होतीस ग तिथे?" विठाने विचारलं.

"तुकडाच खाते, आका." अंजनीचा आवाज घोगरा आला होता, कणगीतून बोलल्यासारखा. शब्दही सावकाश येत होते, एकेक उचलून ठेवल्यासारखे.

"तुकडा खाऊन कुणी ढोल होतं? आईच्या पोटची नसतीस तर दारात उभी केली नसती."

दुसऱ्या दिवशी विठाने पद्मजाबाईंकडून डॉक्टरच्या कागदाची जादा प्रत मागून घेतली. घरातल्या देवाशेजारी खिळ्याला टोचून ठेवली. तिला ती वाचता येत नव्हती आणि वाचायची गरजही नव्हती. मग अंजनीला घेऊन ती सदूच्या भातगिरणीत गेली. गावात माणूस तोलण्याजोगा एकच काटा होता, भाताच्या गोणी तोलायचा. सदू गिरणीवाल्याने एका पारड्यात अंजनीला बसवलं आणि दुसऱ्यात वजनं चढवत गेला. गिरणीत भात भरडायला आलेली माणसं गोल करून उभी राहिली.

"दोन मण आठ शेर," सदू म्हणाला. "विठाकाकी, कोंडा धरून सांगितलंय. सडून घेतलीस तर कमी भरंल."

माणसं हसली. अंजनी पारड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं नाही. विठाही हसणाऱ्यांवर चिडली नाही. चिडली ती बहिणीवर, की हिच्यामुळे आपल्याला हे ऐकावं लागतंय.

तिने कागद पाळायला घेतला, आणि पाळणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. तिच्या घरात साबुदाणा नव्हता, तूप नव्हतं, रताळी नव्हती. धान्य बंद म्हणजे धान्य बंद. त्या तीन दिवशी अंजनीला पेलाभर ताक आणि पाणी. बाकीचे दिवस अर्धी नाचणीची भाकरी. कामावर जाताना विठा पीठ सपाट करायची, पंजा उमटवायची, आणि तांदळाच्या मडक्यातही उमटवायची. "मी आल्यावर बघेन," एवढंच सांगून निघायची.

संध्याकाळी आल्या आल्या ती पहिल्यांदा झाकण उघडायची. साडेचार बोटं जशीच्या तशी. पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं. आठव्या दिवशी जरा अचंबा वाटला. पंधराव्या दिवशी संशय आला की ही कुठेतरी बाहेर खाते. ती शेजारच्या माईकडे गेली. माई म्हातारी बाई, दिवसभर ओटीवर बसलेली, गल्लीतलं कुत्रं वळलं तरी तिला कळायचं.

"माई, अंजनी तुझ्याकडे खाते का? खरं सांग."

"खाते? अगं, काल मी तिला वाटीभर पेज दिली तर म्हणाली आका रागवेल. माझ्याकडे ती एकच गोष्ट मागते."

"काय?"

"गोधडी. होळी होऊन गेली, माझ्या अंगाला घामाच्या धारा लागल्यात, आन ती उन्हात गोधडी घेऊन बसते. म्हणते थंडी वाजते." माईने विठाकडे निरखून पाहिलं. "तू रोज डब्यात बघतेस म्हणे. एकदा तिच्या तोंडाकडे बघ."

विठाला राग आला. दुसऱ्याच्या घरात नाक घालणारी माणसं तिला चोरांच्या खालोखाल नकोशी. ती घरी आली आणि अंजनीला म्हणाली, "गावात माझी अब्रू काढतेस?" अंजनीने गोधडीतून मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते तिलाही ठाऊक नसावं.

महिना भरला. पुन्हा सदूची गिरणी, पुन्हा पारडं, पुन्हा बघे.

"दोन मण नऊ शेर," सदू म्हणाला. आता तोही हसला नाही. "विठाकाकी, काटा बराबर हाय. उपाशी ठेवून वाढलेली गोण मी आजवर बघितली नाय."

परतताना गिरणीच्या चढावर अंजनी खाली बसली. बसली म्हणजे कोसळली. ओठ निळसर, कपाळ थंडगार. विठाने तिला हाताला धरून उठवायला पाहिलं आणि त्या हाताचा स्पर्श पहिल्यांदा तिला खरा लागला. खरखरीत, सुक्या नारळाच्या सालीसारखा, आणि विहिरीच्या काठासारखा गार. बुधाजी गाडीवाल्याने दोघींना घरी सोडलं.

घरी येऊन विठाने सवयीने डबा उघडला. पंजा होता. महिनाभर रोज होता. ती त्या पंजाकडे बघत राहिली. पद्मजाबाई खोटं बोलू शकत होत्या, विष्णुपंत बोलू शकत होते, अंजनीही बोलू शकली असती. पण हा तिचा स्वतःचा हात. तो सांगत होता की बहिणीने चोरलेलं नाही. मग दोन वर्षं एरंजाडलाही तिने चोरलेलं नसणार. मग ही फुगली कशाने? विठाच्या डोक्यात या प्रश्नाला जागाच नव्हती. तिने अंजनीला पेज करून पाजली, अख्खं वाडगं, आणि त्या दिवशी वार कोणता ते मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर डॉक्टर आलेले होते. विष्णुपंत काट्यावर उभे होते आणि काटा आणखी तीन पौंड पुढे गेला होता. डॉक्टर या वेळी तापले होते.

"साईं, माझा कागज खोटा नाही. ह्या घरात कुणीतरी खोटं आहे. रसोईत तूप कोण टाकतं?"

पद्मजाबाईंनी आत बघितलं. विष्णुपंतांनीही आत बघितलं. दोष दुसऱ्याचा ठरला, आपण सुटलो, असं काहीतरी दोघांच्याही नजरेत होतं. विठाला ती नजर ओळखीची होती. महिनाभर तिने स्वतः तीच नजर बहिणीवर रोखली होती.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. हातात त्या दिवसाच्या खिचडीची कढई होती. तिने ती डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली.

"हे धान्य नाही," ती म्हणाली. "साबुदाणा आहे. हा बटाटा. हे दाणे. आमच्यात हे उपासाला चालतं. साहेब आठवड्याला चार दिवस हे खातात, तीनदा. तूप मी घालते, कारण बाईसाहेब घालायला सांगतात. तुम्ही कधी विचारलंत का?"

डॉक्टरांनी कढईत पाहिलं. खिचडीवर तुपाचा तवंग होता. "उपवासात हे खातात?"

"खातात."

"सगळे?"

"ज्यांना परवडतं ते सगळे."

"विठाबाई, तुम्ही आत जा," पद्मजाबाई म्हणाल्या.

"जाते. एक सांगून जाते." विठा डॉक्टरांकडेच बघत होती. "तुमचा तोच कागद मी दोन घरांत शिजवला. इथे माणूस खातो आणि फुगतो. माझ्या घरी माझी बहीण खात नाही, आणि फुगते. महिनाभर पिठावर माझा हात होता, एक दिवस मोडला नाही. तर डॉक्टर, तुमचा कागद दोघांतल्या कुणासाठी छापलाय?"

विष्णुपंत काट्यावरून उतरायचे विसरले. डॉक्टरांना राग येईल असं विठाला वाटलं होतं, आणि आला असता तर तिने कढई उचलून आत नेली असती. पण डॉक्टरांनी खुर्ची ओढली.

"बहीण किती वर्षांची?"

"बाविशीची."

"आवाज बदललाय?"

"घोगरा झालाय."

"थंडी वाजते? उन्हात पण?"

विठा थबकली. हे त्याला कसं कळलं? "वाजते."

"भुवया गळतात? झोप जास्त? बोलणं सावकाश? पाळी बिघडलेली?"

एकेका प्रश्नाला विठा मान हलवत गेली. प्रत्येक उत्तर तिच्या घरात महिनाभर डोळ्यांसमोर बसलेलं होतं, गोधडी घेऊन. तिने त्याला आळस असं नाव दिलं होतं.

"उद्या घेऊन ये," डॉक्टर म्हणाले. "आणि आजपासून तिला पोटभर खायला दे. उपाशी ठेवलंस, बाई. मरून गेली असती." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "माझ्याच कागजाने."

बुधाजीच्या गाडीतून विठा अंजनीला उल्हासनगरला घेऊन गेली. बराकीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी अंजनीला बाकावर गुडघे टेकून बसवलं, पाय मागे लोंबते सोडले आणि टाचेच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल उडालं आणि परत खाली यायला एवढा वेळ लागला, जणू त्यालाही झोप आली होती. डॉक्टरांनी गळा चाचपला, नाडी मोजली. मग तासभर प्रश्न विचारले. विठाला नव्हे, अंजनीला. दोन वर्षांत कुणी अंजनीला एवढं विचारलं नव्हतं. ती सावकाश बोलत होती आणि डॉक्टर घाई करत नव्हते.

"गळ्यात एक ग्रंथी असते," ते शेवटी विठाला म्हणाले. "ती समज शरीराची चूल. साहेबांची चूल बरी पेटतेय, तेच लाकडं फार घालतात. हिची चूल विझत आलीय. विझलेल्या चुलीत लाकूड कमी घालून काय होणार?"

चुलीचं विठाला समजलं. समजलं ते तिला आवडलं नाही, पण समजलं.

गोळ्या बारीक होत्या. आधी पाव गोळी, मग अर्धी, मग अख्खी. रोज, जन्मभर. डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर हाताने लिहून दिलं आणि वर अंजनीचं नाव घातलं. छापील कागदांचा गठ्ठा टेबलावर होता. त्यातला एक फाडून त्यांनी गोळ्यांची पुडी बांधली. पुढे विष्णुपंतांसाठीही त्यांनी नवा कागद लिहिला, विठाला समोर बसवून, ती सांगेल तसा. त्यात साबुदाण्यावर काट होती आणि रोज शिवमंदिरापर्यंत चालत जाणं होतं. विष्णुपंत मंदिरापर्यंत जात आणि वाटेत भजी खात. ते विठाने पाहिलं आणि सोडून दिलं. काही माणसांबद्दलचं तिचं मत बदलायचं काही कारण नव्हतं.

अंजनीची सुधारणा सावकाश झाली. वैशाखात एका दुपारी तिच्या कपाळावर घाम आला आणि तिने गोधडी बाजूला टाकली. माईने तो घाम सगळ्या गल्लीला सांगितला. मग आवाज मोकळा झाला. ज्येष्ठाच्या शेवटी सदूच्या काट्यावर ती दोन मणाला एक शेर कमी भरली, आणि सदू म्हणाला, "ताई, उतरा. तुमच्याकडं बघता बघता गिरणीत पाय मोडंल कुणाचा."

लावणी आठवड्यावर आली तेव्हा बाळाजी आला. विठाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. मळणी झाल्यावर बायको परत करणारा माणूस लावणीच्या तोंडावर तिला न्यायला येणारच. त्याने अंजनीकडे बघितलं, बैल बघावा तसं.

"बरी झाली," तो म्हणाला. "नेतो."

"ह्या गोळ्या रोज लागतात," विठा म्हणाली. "दर महिन्याला उल्हासनगरला जाऊन आणाव्या लागतील. जन्मभर."

"जन्मभर?" बाळाजीचा चेहरा उतरला. "म्हंजे आजारीच हाय की ती. तुमी तं सडपातळ करून देते बोलला होता."

विठाच्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं, झोंबणारं. पण अंजनी तिच्याआधी बोलली, आणि आता तिचे शब्द एकेक उचलून येत नव्हते.

"सडपातळ झाले ना? बघितलंस ना? आता जा."

"लावणी?"

"म्हैस जुंप."

बाळाजी अंगणातच उभा राहिला. त्याला वाटत होतं की विठा काहीतरी म्हणेल. विठा मोठी बहीण, बोली तिने केली होती. विठा गोळ्यांची पुडी उचलून आत गेली. मग गाडी वळली, माघात वळली होती तशीच, फक्त या वेळी रिकामी.

विठाने बहिणीची माफी मागितली नाही. ती मागण्याची रीत तिला कधी शिकावी लागली नव्हती, आणि त्या वयात शिकणं तिला जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना तिने नेहमीसारखं पीठ सपाट केलं, हात वर उचलला, आणि अंजनी बघतेय हे पाहून जरा अडखळली. तरी पंजा उमटवला. सवय होती.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा भाकऱ्या झालेल्या होत्या. तिने डबा उघडला. पीठ पुन्हा सपाट केलेलं होतं, आणि त्यावर एक पंजा होता. पाच बोटांचा, पूर्ण.

विठा त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिच्या पिठावर दुसऱ्या कुणाचा हात आजवर उमटला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पीठ काढलं ते कडेकडेने, पंजाला धक्का न लावता.